टर्बो उघडण्याआधी: आमची वाटचाल

कणकवलीहून फोंडा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गॅरेज आहे. पत्र्याची शेड, मागे फणस, पुढे चार गाड्या उभ्या राहतील एवढं अंगण. या जागेवर येण्याआधी बाबांचं दुकान हायवेला लागून होतं. तेव्हा त्या हायवेला सगळे सतरा नंबर म्हणायचे, आता तो सहासष्ट झाला. बाबांकडे यायच्या त्या जीपगाड्यांना टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा, नव्हता. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून बाबा कुठला सिलिंडर मार खातोय ते सांगायचे, आणि ते खरं निघायचं. त्या गाड्यांचा दोष लपून बसत नसे. डिझेल फवारणारं नोजल खराब तर खराबच, सकाळीही आणि संध्याकाळीही.

मी आयटीआयचा डिझेल मेकॅनिकचा कोर्स केला, कोल्हापुरात चार वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढली आणि २०११ मध्ये घरी आलो. तोवर कॉमन रेलच्या, म्हणजे एकाच समाईक नळीतून मोठ्या दाबाने डिझेल फवारणाऱ्या आणि कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, गाड्या गावोगाव पोचल्या होत्या. आंबा बागायतदार, चिरेखाणवाले, होमस्टेवाले, सगळ्यांकडे डिझेल फोर व्हील ड्राइव्ह दिसू लागली होती. बाबांनी पतपेढीचं कर्ज काढून मला गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर घेऊन दिला. स्कॅनर सांगेल तेच खरं, असं मी तेव्हा धरून चाललो. त्याची किंमत एका देवगडच्या गिऱ्हाइकाने मोजली.

२०१३ चा एप्रिल, आंब्याचा ऐन हंगाम. त्यांची गाडी सपाटीला उत्तम पळायची. घाट चढताना मात्र कधीतरी एकदम ओढ जायची, दुसऱ्या गिअरवर रांगत वर यावं लागायचं. बाजूला घेऊन चावी बंद केली, पुन्हा मारली, की गाडी जशीच्या तशी. "मेस्त्री, सपाटीर बरी धावता, घाटात मरता," एवढीच तक्रार. मी स्कॅनर लावला. कोड आला पी ०२९९, म्हणजे टर्बोचा दाब कमी पडतोय. मी त्यांना टर्बो बदलायला सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला. पेट्या वाशीला जायच्या होत्या, भाव बघत बसायला त्यांना वेळ नव्हता. टर्बो बदलला, गाडी दोनदा तळेऱ्यापर्यंत फिरवून आणली आणि ताब्यात दिली. दहा दिवसांनी फोन आला. गाडी पुन्हा घाटात उभी होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या गाडीचा टर्बो व्हॅक्यूमच्या ओढीवर चालायचा. सकाळी ती ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज काढला, टर्बोच्या सोलेनॉइडजवळ (विजेवर चालणाऱ्या झडपेजवळ) व्हॅक्यूमच्या बारीक नळीला तीन तोंडांचा टी जोडला आणि लांब नळी काढून गेज खिडकीतून आत घेतला. बागायतदारांना म्हटलं, तुम्ही चालवा, मी बाजूला बसतो. गाडीत वजन हवं म्हणून मागे रिकाम्या नव्हे, भरलेल्या पेट्या ठेवल्या. कणकवलीपासून पायथ्यापर्यंत काटा साडेसहाशे मिलिमीटरवर स्थिर होता. घाट सुरू झाला, दोन वळणं गेली, तीन गेली. चौथ्या डाव्या वळणावर त्यांनी दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पाय दिला आणि काटा तीनशेवर आला. त्याच क्षणी गाडीने मान टाकली.

व्हॅक्यूम पंपाकडून येणाऱ्या त्या नळीला एका ब्रॅकेटच्या मागे केसासारखी चीर होती. इंजिन जोर लावतं तेव्हा आपल्या माउंटिंगवर एका बाजूला कलतं. तेवढ्या कलण्याने नळी ताणली जायची आणि चीर उघडायची. पाय सोडला की चीर मिटायची. पण तोवर ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरने, पाहिलेलं असायचं की आपण दाब मागतोय आणि मिळत नाहीये, म्हणून इंजिन वाचवायला तो ताकद कापून ठेवायचा. चावी बंद होईपर्यंत ती परत देत नसे. शेडमध्ये बॉनेट उघडून मी शंभर वेळा बघितलं असतं तरी ती चीर मिटलेलीच दिसली असती.

नळी दीडशे रुपयांची. मजुरी मी तिथल्या तिथे परत केली. टर्बोचे पैसे तीन हप्त्यांत फेडले, आणि त्यांनी ते मोजून घेतले. घ्यायलाच हवे होते. बाबा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. फक्त त्या जुन्या टर्बोचा शाफ्ट बोटांनी हलवून बघितला आणि म्हणाले, "ह्याका काय झाला नव्हता." तो टर्बो आजही फळीवर आहे. नवीन आलेल्या पोराच्या हातात पहिल्या दिवशी मी तोच देतो.

तेव्हापासून गॅरेजची पद्धत बदलली. ताकद जाते अशी गाडी आली की अर्धा तास कुणी पाना उचलत नाही. आधी गिऱ्हाइकाला समोर बसवून विचारायचं. गेलेली ताकद पाय सोडल्यावर आपोआप परत येते, की चावी बंद केल्यावरच? हा माझ्या मते सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे. चावी बंद करूनच येत असेल, तर बहुधा ईसीयूने स्वतःहून हात आखडता घेतलाय, आणि त्याला तसं करायला लावणारं कारण शोधायचं. चावी न फिरवताच ती येत-जात असेल, तर डिझेल किंवा हवा मध्येच अडतेय का ते बघायचं. मागे काळा धूर होता का? असेल तर डिझेल जातंय पण हवा पुरत नाही, म्हणजे इंटरकूलरचा (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा) होज किंवा त्याची क्लिप आधी बघायची. धूर नाही आणि ताकदही नाही, तर डिझेल कमी पडतंय किंवा कापलं जातंय. टाकीत डिझेल किती होतं? पाऊस होता का? गाडी आदल्या रात्री कुठे उभी होती?

शेवटचा प्रश्न लोकांना विचित्र वाटतो. पण पावसाळ्यात बागेतल्या शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीच्या इंजिनात उंदीर ऊब शोधत येतात आणि नळ्या, वायरी कुरतडतात. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हे नेहमीचं आहे.

टाकीच्या प्रश्नानेही एकदा तीन दिवसांचं काम वाचवलं. मालवणच्या एका गाडीला अर्ध्या तासाच्या प्रवासानंतर रेल प्रेशर कमी असल्याचा कोड यायचा, पी ००८७. डिझेल फिल्टर नवा होता. कुणीतरी हाय प्रेशर पंप बदलायला सांगितलं होतं. बोलता बोलता मालक म्हणाले, गाडी दहा मिनिटं उभी केली की बरी होते. टाकी उतरवली तर तळाला गाळ आणि प्लास्टिकच्या कॅनच्या झाकणातला पातळ पापुद्रा. गाडी चालली की तो हळूहळू ओढला जाऊन जाळीला चिकटायचा, थांबली की सुटून खाली बसायचा. टाकी धुतली, जाळी साफ केली. पंप आजही तोच चालू आहे.

पण आमच्या किनाऱ्याचा खरा शत्रू खारा वारा. तारकर्लीला वाळूवरून बोटी ओढणारी एक फोर बाय फोर आमच्याकडे यायची. तिची ताकद कधी जाईल याचा काही नेम नव्हता. पहिल्या दोन फेऱ्यांत मला काही सापडलं नाही, आणि मी पैसे घेतले नाहीत. तिसऱ्यांदा सकाळी थंड गाडीत, इंजिन चालू न करता, फक्त चावी ऑन करून, इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरचा आकडा बघितला. इंजिन बंद असताना त्याने बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा. आमच्याकडे समुद्रसपाटीला तो शंभर किलोपास्कलच्या आसपास असतो, आंबोलीला, म्हणजे ६९० मीटरवर, त्र्याण्णवच्या आसपास. इथे एकशे अठरा दिसत होता. सेन्सरच्या वायरीचा जोड, म्हणजे कपलर, हाताने हलवला तर नव्व्याण्णव, पुन्हा हलवला तर एकशे दहा. सेन्सर खोटं बोलत होता आणि ईसीयू त्यावर विश्वास ठेवत होता. कपलर उघडला तर पिनांवर हिरवट थर. पिना बदलल्या, सील नवं टाकलं. समुद्राकडच्या गाड्यांचे कपलर आता आम्ही प्रत्येक सर्व्हिसला उघडून बघतो, ते बिलात लिहिलेलं असो वा नसो.

कधी कधी गाडीत दोषच नसतो. चिरेखाणीच्या सैल खडीवर चढताना चाक घसरलं की ट्रॅक्शन कंट्रोल स्वतःहून इंजिनाची ताकद कमी करतो, आणि मालकाला वाटतं टर्बो गेला. त्याचं बटण दाखवून गाडी परत पाठवायची. असं मी करतो तेव्हा शेजारचे गॅरेजवाले मला वेडा म्हणतात.

तपासणीचे वेगळे पैसे घ्यायला आम्ही २०१६ मध्ये सुरुवात केली. "नुसत्या बघण्याचे पैसे?" असं म्हणून बरीच गिऱ्हाइकं उठून गेली. दोन पावसाळे कठीण गेले, स्कॅनरच्या कर्जाचे हप्तेही थकले. तरी मी ते सोडलं नाही, कारण शोधण्याचे पैसे घेतले नाहीत तर माणूस पार्ट विकूनच पोट भरणार आणि न बिघडलेला टर्बो उतरवणार. हळूहळू लोक सांगून पाठवू लागले. आज आम्ही चौघे काम करतो, वहिनी हिशोब आणि प्रश्नांचे कागद सांभाळते. प्रत्येक गाडीचा कागद ती जपून ठेवते. तीन वर्षांपूर्वी हीच गाडी याच वळणावर थांबली होती, हे तिच्या फायलीतून कळतं.

टर्बो खरोखर जातोही, आणि जातो तेव्हा आम्ही बदलतो. पण तो का गेला हे कळल्याशिवाय नवा बसवत नाही. तेलाची नळी चोंदलेली तशीच राहिली तर नवा टर्बोही जास्त दिवस टिकत नाही. सगळ्यांना एक विनंती करतो: घाट चढून आल्यावर लगेच इंजिन बंद करू नका. मिनिटभर चालू ठेवा, तापलेल्या टर्बोला तेल मिळू द्या.

१ एप्रिल २०२० पासून बीएस सहाच्या, म्हणजे धुराच्या कडक नियमांच्या, गाड्या आल्या आणि ताकद जाण्याच्या कारणांत काजळीच्या फिल्टरची भर पडली. गावातल्या गावात पाच-पाच किलोमीटर फिरणाऱ्या गाडीची काजळी जळायला लांबचा सलग रस्ता मिळत नाही. गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या येतात, त्यांच्या तक्रारी आणखी वेगळ्या, आणि प्रत्येकाला आरतीच्या आधी घरी पोचायचं असतं. त्या दिवसांत घाईने पार्ट टाकून द्यायचा मोह होतो. तेव्हा मी फळीवरच्या टर्बोकडे बघतो.

आत्ता शेडमध्ये कुडाळची एक गाडी उभी आहे. पंधरा दिवसांत दोनदा ताकद गेली, दोन्ही वेळा पहाटे, दोन्ही वेळा घाट उतरून झाल्यावरच्या पहिल्या चढाला. कोड एकही नाही. गेजची नळी खिडकीतून आत घेतली आहे, मागे वाळूच्या सहा गोण्या टाकल्या आहेत. मालक पहाटे साडेचारला येणार आहेत.