काचा खाली

नेदरलँड्समधल्या झिरिकझे गावाहून पुढची बस चुकली म्हणून औवरकेर्कपर्यंत शेतांमधून तासाभराची तंगडतोड झाली. डच लोक याला फिरणं म्हणतात.

पाण्याला घाबरून मुंबई सोडलेली बाई रॉटरडॅमच्या प्रिन्स अलेक्झांडर भागात, समुद्रसपाटीच्या सहाएक मीटर खाली घर घेते, यावर आमच्या नातेवाइकांत अजून हशा पिकतो. पिकू दे. इथे पाण्यावर कोणीतरी लक्ष ठेवून असतं, म्हणून मला झोप लागते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर कोसळला, तेव्हा बाबा मला कॉलेजातून आणायला निघाले होते. मीच फोन करून बोलावलं होतं. गाडी दुसऱ्या दिवशी सापडली. काचा वरच होत्या.

तर औवरकेर्कचं पूर-संग्रहालय. ३१ जानेवारी-१ फेब्रुवारी १९५३ च्या रात्री समुद्राने इथले बांध फोडले. शेवटचं भगदाड नोव्हेंबरात बुजलं, महायुद्धातून उरलेल्या चार अजस्र काँक्रीटच्या पेट्या बुडवून. संग्रहालय त्या पेट्यांच्या पोटातच आहे. पंप, फावडी, नकाशे मी भराभर उरकले. मग एका अंधाऱ्या दालनात वाळूवर नावं उमटताना दिसली. एक नाव येतं, विरतं, दुसरं येतं. नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली. त्यात त्याच रात्री जन्मून त्याच रात्री बुडालेलं एक बाळही मोजलंय, ज्याची कुठे नोंदच नव्हती.

आमच्याकडे हजारावर गेले. त्यांची नावं कधी एका जागी वाचलीत तुम्ही? मी तरी नाही.

जाणार असाल तर स्वेटर न्या, आत गारठा असतो. मन सावरायला परदेशी या, असं मात्र माझ्या तोंडून निघणार नाही. मी आले ती आईला त्याच घरात, त्याच नाल्याशेजारी ठेवून. जूनपासून तिचे फोन मी टाळते.

बंद व्हायच्या वेळी पाऊस लागला. तिथले एक स्वयंसेवक आजोबा म्हणाले, झिरिकझेला सोडतो. त्या रात्री ते सहा वर्षांचे होते, छपरावर. दुपारभरात एवढंच सांगितलं होतं त्यांनी, कॉफी देताना. सोबत एकच बिस्किट, डब्याचं झाकण लगेच बंद.

पावसात मी गाडीत बसत नाही. त्या दिवशी बसले, आणि विचारलं, काच खाली ठेवली तर चालेल?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, काही विचारलं नाही. चारही काचा खाली केल्या. झिरिकझे येईपर्यंत सीट, माझी बॅग, त्यांचा चष्मा, सगळं निथळत होतं.