आठ विरुद्ध एक, आणि पुन्हा वाट

दुपारचा दीड आणि चार वाजून वीस मिनिटं. १९५९ मध्ये मुंबईत एका नौदल अधिकाऱ्याने पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या, त्या नानावटी खटल्यातला एक कळीचा प्रश्न शेवटी या दोन वेळांमधल्या अंतरावर सुटला. रिव्हॉल्व्हर, टॉवेल आणि 'ब्लिट्झ' साप्ताहिकाच्या मथळ्यांवर आजवर रग्गड लिहून झालंय. त्यामुळे इथे दोनच गोष्टी बघू. घरात लपवलेली गोष्ट कोर्टात पोचली की तिचं काय होतं, आणि ज्यूरी, म्हणजे कौल देणारं सामान्य नागरिकांचं मंडळ, आत गेली की बाहेर बसलेल्यांनी नेमकी कशाची वाट पाहायची असते.

घटनाक्रम थोडक्यात. कमांडर कावस माणेकशॉ नानावटी 'मैसूर' या युद्धनौकेवर दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी. सिल्व्हियाशी लग्न १९४९ साली पोर्ट्समथला झालेलं, तीन मुलं. १९५६ मध्ये या कुटुंबाची प्रेम आहुजाशी ओळख झाली. नौदलातल्या माणसाचं अर्धं आयुष्य पाण्यावर जातं, आणि गुपिताला लागतो तो नेमका असा रिकामा वेळ. सिल्व्हियाने आहुजाला लिहिलेलं मे १९५८ चं एक पत्र पुराव्यात आलं, म्हणजे गोष्ट बाहेर पडली तेव्हा ती किमान अकरा महिने जुनी होती. २७ एप्रिल १९५९ ला जेवणानंतर नवऱ्याने सरळ विचारलं आणि आहुजाशी आपले संबंध आहेत हे तिने सांगून टाकलं.

पुढचे तीन तास वाचताना मला अजूनही अस्वस्थ व्हायला होतं, कारण ते इतके नेहमीसारखे आहेत. मुलांना मॅटिनीचं कबूल केलेलं होतं. म्हणून नानावटींनी पत्नी, आपली दोन मुलं आणि शेजाऱ्यांचं एक मूल यांना गाडीत घालून मेट्रो थिएटरला सोडलं आणि सहाला न्यायला येतो असं सांगितलं. तिथून ते जहाजावर गेले. रात्री एकट्याने गाडी हाकत अहमदनगरला जायचंय, या सबबीवर रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या. आधी आहुजाचं ऑफिस, मग नेपियन सी रोडजवळचा 'जीवन ज्योत'मधला फ्लॅट. तीन गोळ्या झाडल्या गेल्या, आहुजा मेला. मुलं तेव्हा अंधारात पडद्याकडे बघत बसली होती.

आता कायदा. तेव्हाच्या भारतीय दंड विधानाच्या (ते २०२४ पर्यंत लागू होतं) कलम ३०० चा पहिला अपवाद सांगायचा की गंभीर आणि अचानक प्रक्षोभ झाला, त्या भरात ताबा सुटला आणि माणूस मारला गेला, तर तो खून धरायचा नाही. यातला 'अचानक' हा शब्द घातकी आहे. गुपित किती वर्षं कुजत होतं याचा हिशेब इथे मुख्य नसतो. ते कळल्यापासून किती वेळ गेला हे पाहतात. मयताच्या आधीच्या वागण्यामुळे मनात तयार झालेली पार्श्वभूमी विचारात घेता येते, हे सुप्रीम कोर्टाने याच निकालात मान्य केलं. पण दीड ते चार वीस एवढ्या अवधीत ताबा परत यायला पुरेसा वेळ होता, हेही तिथेच ठरलं. सिनेमाला सोडणं, मुलांची सोय लावणं, सबब सांगून शस्त्र घेणं ही सगळी थंड डोक्याची कामं धरली गेली. बापाने कर्तव्य म्हणून केलेली गोष्टच त्याच्या विरोधात उभी राहिली.

कुटुंबाचं खरं नुकसान इथून सुरू होतं असं मला वाटतं. बचावाचं मुख्य म्हणणं होतं की झटापटीत गोळ्या सुटल्या. पर्यायी म्हणणं प्रक्षोभाचं. प्रक्षोभ सिद्ध करायचा तर गुपित पूर्ण उघडं करावं लागतं, तारखांसकट, पत्रांसकट, भर कोर्टात. सिल्व्हिया बचावाची साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभी राहिली. नवऱ्याला वाचवायचं तर स्वतःची लाज शपथेवर मांडायची, आणि ती पुरेशी मांडली नाही तर नवरा अडकतो. घरात ज्याची कुजबुज व्हायची, त्याचा कोर्टात दस्तऐवज झाला.

ज्यूरी नऊजणांची होती. तेव्हा लागू असलेल्या १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे पुरावा आणि भाषणं संपली की न्यायाधीश ज्यूरीला सगळं समजावून सांगतो. कायदा काय आहे, कोणती बाब कोणी सिद्ध करायची, पुरावा कुठे कुठे आहे. मग ज्यूरी विचाराला आत जाते. त्यानंतर कोर्टाच्या परवानगीशिवाय त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही. बाहेर आल्यावर न्यायाधीश फोरमनला, म्हणजे ज्यूरीच्या प्रमुखाला, विचारतो, एकमत आहे का? नसेल तर पुन्हा विचार करायला आत पाठवू शकतो. तरीही फूट कायम राहिली तर बहुमताचा कौल घेतला जातो. कौल नेमका काय आहे हे कळावं म्हणून प्रश्न विचारता येतात, आणि प्रश्न-उत्तरं दोन्ही नोंदवून ठेवावी लागतात.

नानावटींवर दंड विधानाचं कलम ३०२ (खून) आणि कलम ३०४ भाग १ (खून न ठरणारा सदोष मनुष्यवध) असे दोन आरोप होते. दोन्हींवर ज्यूरीने आठ विरुद्ध एक असा 'निर्दोष' कौल दिला. गॅलरीतल्या माणसाला वाटेल, सुटला. पण सेशन्स कोर्टातल्या ज्यूरीचा कौल म्हणजे सुटका नव्हती, हे त्या काळच्या अनेक वाचकांनाही ठाऊक नसावं. त्याच १८९८ च्या संहितेत कलम ३०७ होतं. न्यायाधीशाला कौल पटला नाही आणि न्यायासाठी ते आवश्यक वाटलं, तर तो ना सुटकेचा निकाल लिहीत ना शिक्षेचा. कारणं नोंदवून प्रकरण हायकोर्टाकडे पाठवतो, आणि आरोपी तोवर लटकलेला. न्यायाधीश रतिलाल मेहतांनी हेच केलं. या पुराव्यावर समंजस माणसांचा कोणताही गट असा कौल देणार नाही, असं त्यांचं मत पडलं.

गंमत म्हणजे हायकोर्टात मेहतांच्याच समजावणीतल्या चुका निघाल्या. सगळ्यात मोठी चूक पुराव्याच्या जबाबदारीची. खून सिद्ध करायचा सरकार पक्षाने, हे खरं. पण 'अपघात होता' किंवा 'प्रक्षोभ होता' असं म्हणणाऱ्या आरोपीवर तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम १०५ खाली ते दाखवण्याची जबाबदारी यायची, आणि हे ज्यूरीला धड सांगितलं गेलं नव्हतं. नऊ सामान्य माणसांच्या हातात तराजू दिला, पण कोणत्या पारड्यात काय टाकायचं ते सांगायचं राहिलं. अशा वेळी कौल भावनेवर जातो, आणि बाहेर तर वर्तमानपत्रांनी वातावरण तापवून ठेवलेलं. ज्यूरीला सरसकट मूर्ख ठरवणारे हा भाग सोयीने विसरतात.

मार्च १९६० मध्ये न्यायमूर्ती शेलत आणि नाईक यांनी जन्मठेप दिली. त्याच दिवशी राज्यपालांनी शिक्षा स्थगित केली, नानावटी नौदलाच्याच ताब्यात राहिले, आणि अपील प्रलंबित असताना राज्यपालांना तसं करता येतं का, हा वेगळाच वाद सुप्रीम कोर्टात रंगला. २४ नोव्हेंबर १९६१ ला सुप्रीम कोर्टाने शिक्षा कायम केली. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली, आणि पुढे हे कुटुंब कॅनडाला गेलं. एप्रिल १९५९ ते १९६४, पाच वर्षांची वाट. त्यातला ज्यूरी आत गेल्याचा वेळ सगळ्यात छोटा.

या खटल्यामुळेच भारतातली ज्यूरी बंद झाली, असं सर्रास सांगतात. विधी आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालातच ती बंद करायची शिफारस केली होती, म्हणजे गोळ्या झाडल्या जाण्याच्या आधी. फौजदारी खटल्यांतून ती पूर्ण गेली ती १९७३ च्या संहितेने.

एका कोपऱ्यात मात्र तिचा अवशेष अजून आहे, आणि तोही नानावटींच्याच समाजात. १९३६ च्या पारशी विवाह व घटस्फोट कायद्याखालच्या कोर्टात न्यायाधीशाबरोबर समाजातले प्रतिनिधी बसतात. पूर्वी सात असायचे, १९८८ च्या दुरुस्तीनंतर पाच. कायद्याचा प्रश्न न्यायाधीश ठरवतो, घडलं काय ते प्रतिनिधींच्या बहुमताने ठरतं. आणि नवरा-बायकोंपैकी एकाने जरी मागणी केली, तरी सुनावणी बंद दाराआड होते.