जी जास्त आवडली, तीच जास्त झिजली

‘लंडनला चाललोय. बर्विक स्ट्रीटच्या जुन्या रेकॉर्डींच्या दुकानात गायक डेव्हिड बोवी किंवा टी. रेक्स या बँडची एलपी (मोठी रेकॉर्ड) मिळाली, तर ती चांगली आहे हे ओळखायचं कसं?’ हा प्रश्न बरेच जण विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर.

या रेकॉर्डी कुणी विकत घेतल्या, ते आधी ध्यानात घ्या. १९७१च्या मार्चमध्ये टी. रेक्सचा गायक मार्क बोलन डोळ्यांखाली चमकी लावून बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या टीव्ही कार्यक्रमात झळकला, पुढच्या वर्षी ६ जुलैला बोवी, आणि शाळकरी पोरांनी खाऊचे पैसे साठवून दुकानं गाठली. घरातल्या प्लेअरची सुई जड असायची. एकामागून एक रेकॉर्ड आपोआप लावणारा ऑटोचेंजर असेल, तर रेकॉर्डी एकीवर एक आपटायच्या. म्हणून ग्लॅम रॉकच्या, म्हणजे या चमकी-मेकअपवाल्या रॉक संगीताच्या, मूळ (त्याच काळी छापलेल्या) प्रती मिळतात, पण न झिजलेल्या क्वचित.

रेकॉर्ड कडेला धरून दिव्याखाली तिरकी करा. ओरखड्यावरून नख अलगद फिरवा. नख अडकलं, तर सुईही तिथे टकटकणार. केसासारख्या बारीक रेघा फारशा ऐकू येत नाहीत. खरी भीती करडेपणाची. काळी तकाकी जाऊन पट्टा राखाडी दिसत असेल, तर सुई ज्यांतून फिरते त्या खाचांच्या भिंती झिजल्यात. कितीही धुतलं तरी त्या परत येत नाहीत. लेबलवर मधल्या भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा असतील, तर रेकॉर्ड बऱ्याचदा लावलेली असणार.

दुकानात ऐकायची सोय असेल, तर पहिलं गाणं सोडा, शेवटचं लावा. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम २०. तेवढ्या जागेत तोच आवाज कोंबलेला, म्हणून झीज आधी तिथे ऐकू येते. बोवीच्या ‘झिगी स्टारडस्ट’ या एलपीची दुसरी बाजू तर हळू सुरू होऊन आरोळीवर संपणाऱ्या गाण्याने मिटते. तिथे ‘स’ खरखरला, आरोळी फाटली, तर ती प्रत दुकानातच परत ठेवा. ते गाणंच हाती लागणार नसेल, तर एलपी घ्यायची कशासाठी?

मूळ प्रत हवी असेल, तर लेबल आणि शेवटची खाच यांमधली गुळगुळीत पट्टी वाचा. ‘झिगी’ची १९७२ची ब्रिटिश प्रत आरसीए कंपनीच्या नारिंगी लेबलची, क्रमांक एसएफ ८२८७. पण नारिंगी लेबल पुढेही काही वर्षं चाललं, म्हणून पट्टीवर कोरलेली अक्षरं-अंक पाहायचे: बीजीबीएस ०८६४ (BGBS 0864), पुढे १ई (1E). टी. रेक्सची ‘इलेक्ट्रिक वॉरियर’ १९७१ची, फ्लाय कंपनीची, हायफ्लाय ६. तिच्यासोबत पोस्टर यायचं. ते बहुतेकांनी भिंतीला चिकटवलं, त्यामुळे पोस्टरसकट प्रत मिळाली तर दोन पैसे जास्त मोजायला हरकत नाही.

परतताना रेकॉर्ड आतल्या पाकिटासकट कव्हरबाहेर काढून कव्हरच्या मागे ठेवा. आत राहिली, तर धक्क्याने कव्हरची शिवण फाटते. सामानात टाकू नका, हातातल्या बॅगेत घ्या. मुंबई-कोकणात पावसाळ्यात कागदी पाकिटाला बुरशी लागते. आत अँटिस्टॅटिक प्लास्टिकचं पाकीट घाला आणि रेकॉर्डी उभ्याच ठेवा, भिंतीपासून चार बोटं लांब.