कमोड बदलताना आधी टेप लावा

शिवाजी पेठेतलं जुनं घर असो की राजारामपुरीतला फ्लॅट, दुकानात जाण्याआधी माप घ्या: टाईल लावलेल्या भिंतीपासून जमिनीतल्या पाईपच्या मध्यापर्यंत. एस-ट्रॅप कमोड (ज्याचं तोंड खाली जमिनीतल्या पाईपात उतरतं) या मापात बहुधा 9 किंवा 12 इंची (225, 300 मिमी) मिळतो.

पाईप 12 वर आणि कमोड 9 चा असेल तर टाकीमागे 3 इंच फट राहते, बाकी काम भागतं. उलट असेल तर टाकी भिंतीला अडते, कमोड बसतच नाही. अर्ध्या-एक इंचाचा फरक ऑफसेट कनेक्टरने (कमोड आणि पाईप जोडणारा, एका बाजूला सरकलेला जोड) निघतो. 3 इंचांचा काढायच्या नादाला लागू नका. कमोडच बदलून घ्या, नाहीतर फरशी फोडून पाईप सरकवावा लागेल.

आधी कोरडा बसवून पेन्सिलीने भोकं आखा. कनेक्टरच्या रबराला साबणाचं पाणी लावा, तेल नको, रबर फुगतं. स्क्रू आलटून पालटून, बेतानेच आवळा. चिनी माती तडकते. चार-पाच वेळा फ्लश करून बुड कोरडं आहे ना ते पाहा, मगच सिलिकॉन भरा. मागच्या बाजूला दोन इंच सिलिकॉन न भरता मोकळे सोडा, म्हणजे गळती लगेच दिसेल. पांढरं सिमेंट मात्र टाळाच. पुढे काढताना कमोड फुटतो.