आकडे टिपणाऱ्यांच्या खोलीतून पाहिलेला मिशिगन–ओहायो स्टेट सामना

मिशिगन आणि ओहायो स्टेट या दोन विद्यापीठांच्या अमेरिकन फुटबॉल संघांमध्ये साखळी हंगामाच्या शेवटी जो सामना होतो, त्याला इथली माणसे नुसते ‘द गेम’ म्हणतात. २७ नोव्हेंबर २०२१ रोजी तो ॲन आर्बर या मिशिगन विद्यापीठाच्या शहरातील मिशिगन स्टेडियमवर होता आणि मी त्या दिवशी प्रेस बॉक्समध्ये, म्हणजे वार्ताहरांच्या काचबंद कक्षात, स्टॅट्स क्रूमध्ये, म्हणजे सामन्याची अधिकृत आकडेवारी नोंदवणाऱ्या चमूत, कामाला होतो. मिशिगनने ओहायो स्टेटला २०११ नंतर एकदाही हरवले नव्हते. आदल्या वर्षीचा सामना कोविडमुळे रद्दच झाला होता, त्या तुटपुंज्या हंगामात मिशिगनला सहांपैकी दोनच सामने जिंकता आले होते, आणि मिशिगनचे प्रशिक्षक जिम हारबॉ यांना या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध पाचही वेळा हार पत्करावी लागली होती. २०२१ मध्ये मात्र मिशिगन स्टेट या वेगळ्या विद्यापीठाकडून झालेला ३७–३३ असा एकमेव पराभव सोडला तर संघाने सगळे सामने जिंकले होते. क्रमवारीत ओहायो स्टेट दुसरा होता आणि मिशिगन पाचवा.

आमच्या कामाची रीत बाहेर फारशी ठाऊक नसते, म्हणून ती आधी सांगतो. दोघे जण दुर्बिणी लावून बसतात; एक जण चेंडू कोणाकडे गेला हे पाहतो आणि दुसरा त्या खेळाडूला कोणी पाडले हे पाहतो. तिसरा प्रत्येक खेळी, म्हणजे चेंडू सुटल्यापासून थांबेपर्यंतची एक चाल, मोठ्याने सांगतो, चौथा ती संगणकात भरतो, आणि कोणीतरी एक जण तीच नोंद हाताने कागदावरही ठेवतो. टॅकल करणाऱ्याचा, म्हणजे चेंडूवाल्याला पाडणाऱ्याचा, क्रमांक सांगण्याचे काम माझे होते. पुण्यात असताना मी क्लब क्रिकेटचे स्कोअरबुक लिहीत असे, त्यामुळे नजर खेळावर आणि मन नोंदीवर ठेवण्याची सवय होती. पण क्रिकेटमध्ये झेल कोणी घेतला हे सगळ्यांना दिसते, इथे मात्र सहा-सात धिप्पाड माणसांच्या ढिगाखालून क्रमांक शोधावा लागतो. चेंडूवाल्याला प्रथम कोणी धरले आणि तो खाली पडला तेव्हा त्याच्यावर कोणाची पकड होती, हे त्या ढिगातली माणसे उठू लागण्याआधी ठरवावे लागते. पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकला पास सुटण्याआधीच पाडणे म्हणजे सॅक; दोघांनी मिळून त्याला पाडले तर प्रत्येकाच्या खात्यात अर्धी सॅक जाते, आणि त्या अर्ध्या आकड्यावर एखाद्या मुलाचा विक्रम अवलंबून असू शकतो. म्हणूनच प्रेस बॉक्समध्ये टाळी वाजवायची नाही, ओरडायचे नाही, हा नियम मला मनापासून पटतो.

त्या दुपारी हा नियम पाळणे किती अवघड होते, हे मात्र सांगितलेच पाहिजे. बाहेर बर्फ भुरभुरत होता आणि १,११,१५६ प्रेक्षक होते. ओहायो स्टेटचा संघ चेंडू घेऊन उभा राहिला की असा कल्लोळ उठे, की त्यांच्या खेळाडूंना स्वतःच्या क्वार्टरबॅकची हाक ऐकू येईना, आणि चेंडू सुटण्याआधीच हलल्याबद्दल त्यांना पुन्हा पुन्हा पाच-पाच यार्डांचा दंड बसत गेला. तो कल्लोळ काचेमागे आमच्यापर्यंत ऐकू येण्याऐवजी टेबलावर टेकलेल्या कोपरांना जाणवत होता.

माझी दुर्बीण बहुतेक वेळ मिशिगनचा बचावपटू एडन हचिन्सनच्या ९७ क्रमांकावर खिळलेली होती. मिशिगनमध्ये एका हंगामातील सर्वाधिक सॅकचा विक्रम १२ चा होता आणि तो त्या दुपारी मोडण्याच्या टप्प्यात होता. हचिन्सनने ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउडला तीन वेळा पाडले. विक्रमाची सॅक झाली तेव्हा मी ‘सत्त्याण्णव, एकटा’ एवढेच म्हणालो, ती बिनचूक भरली गेली का हे पडद्यावर पाहिले आणि पुढच्या खेळीकडे वळलो. आनंद झाला नाही असे नाही, पण तो क्षण त्या मुलाचा होता; आमच्या हाती फक्त त्याची नोंद चोख ठेवणे होते.

मध्यंतराला मिशिगन १४–१३ असा पुढे होता, म्हणजे काहीही घडू शकत होते. खरी कलाटणी तिसऱ्या क्वार्टरमध्ये मिळाली. मिशिगनचा ब्लेक कोरम ५५ यार्ड धावला आणि ८१ यार्डांचे अंतर मिशिगनने अवघ्या तीन खेळींत कापले. त्यानंतर मिशिगनच्याच हसन हॅस्किन्सला अडवणे ओहायो स्टेटला जमेना. त्याने त्या दिवशी २८ वेळा चेंडू घेऊन १६९ यार्ड आणि पाच टचडाउन केले, म्हणजे चेंडू पाच वेळा प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार नेला. टचडाउन झाले की टॅकल करणारा कोणी नसतो, त्यामुळे सांगायला माझ्याकडे क्रमांक नसतो. ए. जे. हेनिंगचे पहिले टचडाउन धरून मिशिगनच्या सहाही टचडाउनना मी गप्प बसून होतो आणि शेजारचा सहकारी धावणाऱ्याचा क्रमांक सांगत होता. ही सहाही टचडाउन धावून झाली, पास टाकून एकही नाही. आजच्या पासप्रधान कॉलेज फुटबॉलमध्ये हे क्वचितच दिसते.

सामना ४२–२७ असा संपला आणि प्रेक्षक मैदानात उतरले. आम्हाला मात्र खिडकीशी जाता आले नाही, कारण शेवटचे तक्ते तपासून वार्ताहरांच्या हाती द्यायचे होते. मिशिगनने धावून २९७ यार्ड मिळवले होते, ओहायो स्टेटने ६४. कॉलेजच्या नियमांनुसार सॅकमध्ये गमावलेले यार्ड धावण्याच्या हिशेबातूनच वजा होतात, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये ते पासच्या हिशेबात जातात. म्हणून त्या ६४ मध्ये हचिन्सनचाही वाटा आहे, हे तक्ता वाचणाऱ्याने लक्षात घ्यायला हवे. स्ट्राउडने पासवर ३९४ यार्ड मिळवले होते, पण गुणफलक तिकडे वळला नाही, आणि माझ्या मते सामन्याचा निकाल त्या २९७ आणि ६४ मध्ये आहे.

पुढच्या शनिवारी इंडियानापोलिसला मिशिगनने आयोवाला ४२–३ असे हरवून २००४ नंतर प्रथमच बिग टेन या विद्यापीठांच्या गटाचे विजेतेपद मिळवले. हचिन्सनच्या सॅक १४ झाल्या आणि बचावपटू असूनही हाइझमन या कॉलेज फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराच्या मतदानात तो दुसरा आला. ३१ डिसेंबरला ऑरेंज बोल या राष्ट्रीय विजेतेपदाच्या उपांत्य सामन्यात जॉर्जियाने मिशिगनला ३४–११ असे हरवले. त्या सामन्याची आकडेवारी दुसऱ्या चमूकडे होती आणि मी तो घरी पाहिला. स्ट्राउड जसा हचिन्सनच्या तावडीत सापडला होता, तसा आपला क्वार्टरबॅक जॉर्जियाच्या फळीने त्या रात्री एकदाही सापडू दिला नाही.