विमान आलं, पण खोली गेली : फुनाफुतीतला एक मंगळवार

दुपारी सायरन वाजला तशा धावपट्टी ओलांडणाऱ्या दुचाक्या थांबल्या. फुनाफुती म्हणजे प्रशांत महासागरातल्या तुवालू या देशाची राजधानी. हे बेट इतकं चिंचोळं आहे की दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी बांधलेली ही धावपट्टी म्हणजेच इथलं सगळ्यात मोठं मोकळं मैदान. संध्याकाळी तिच्यावर व्हॉलीबॉल रंगतो, उकाड्याच्या रात्री लोक चटया घेऊन झोपायलाही येतात.

मी फिजीच्या राजधानीत, सुवात असतो. तिथून पुढे छोट्या बेटांवर जाणाऱ्या सर्व्हे पथकांची तिकिटं, सामान आणि मुक्काम बघणं हे माझं काम. त्या दिवशी भरती मोजणाऱ्या चौघांचं पथक येणार होतं. मी आठवडाभर आधी येऊन त्यांच्या दोन खोल्या पक्क्या केल्या होत्या. दिवस फेब्रुवारीचे, म्हणजे उधाणाचे. या दिवसांत पाणी किनाऱ्यावरून तर येतंच, शिवाय सच्छिद्र प्रवाळातून झिरपत बेटाच्या मधोमध जमिनीतून वर येतं. तेच मोजायचं होतं.

विमान उतरलं, चौघंही उतरले. सात नगांपैकी तीनच आले आणि तासाभरात कळलं की दोन्ही खोल्याही गेल्या.

सामानाचं कारण साधं आहे. सुवाजवळच्या नौसोरीहून फुनाफुती हजारेक किलोमीटर, अडीच तासांचा पल्ला. विमान सत्तरच्या आसपास आसनांचं, पंख्यांचं. हवा खराब असली आणि इथे उतरता आलं नाही, तर तेवढंच अंतर मागे जायचं इंधन पोटात असावं लागतं. इंधन वाढलं की वजन कुठून तरी कमी करायचं आणि पहिली कात्री सामानाला लागते. म्हणून जड उपकरणं काही आठवडे आधी जहाजाने धाडावीत. दोन दिवसांचे कपडे, औषधं, चार्जर आणि ज्याच्यावाचून काम अडेल तो एक भाग हातातल्या पिशवीत ठेवावा. आमच्या लोकांनी नोंदयंत्र हातात आणलं होतं, हे बरं केलं.

खोल्यांचं गणित मात्र नवख्याच्या ध्यानात येत नाही. गुरुवारचं विमान वादळामुळे आलंच नव्हतं. त्या दिवशी जाणारे सगळे बेटावर अडकले. मंगळवारच्या विमानाला गुरुवारचे आणि मंगळवारचे, दोन्ही दिवसांचे प्रवासी उभे राहिले. जागा तेवढ्याच, वजनाची मर्यादा त्याहून कडक. जे मागे उरले ते बॅगा उचलून आपापल्या खोल्यांत परत गेले. त्यांना बाहेर काढणार कोण, आणि का काढावं? आमच्या दोन खोल्यांत असेच तिघे होते. यजमानांची यात काही चूक नव्हती.

म्हणून या बेटांवर खोली ठरवताना ‘खोली आहे का’ एवढं विचारून भागत नाही. त्या खोलीत आत्ता कोण आहे आणि तो कोणत्या विमानाने जाणार आहे, हे विचारावं लागतं. ईमेलला उत्तर आलं नाही तर फोन करावा, होकार देणाऱ्याचं नाव लिहून घ्यावं आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा विचारावं. हे सगळं मी केलं होतं. राहिलं ते एकच : गुरुवारचं विमान रद्द झाल्यावर त्याच संध्याकाळी दुसरी जागा बघून ठेवायला हवी होती. मी ती मंगळवारी दुपारी बघायला निघालो.

हॉटेल आणि लॉज मिळून जागा बोटांवर मोजण्याइतक्या. पायी फिरलो, सगळीकडे भरलेलं. अशा वेळी ओळखीच्या दुकानात किंवा कचेरीत जाऊन सरळ सांगावं की चार माणसं आहेत, इतके दिवस राहायचंय. बातमी आपसूक पोचते. चारच्या सुमारास एका घरच्या आजींचा निरोप आला. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या : माणसं रविवारी इथे असणार का, आणि घरचं जेवण चालेल का? रविवार इथे चर्चचा, शांततेचा. त्या दिवशी यंत्रं लावून ठोकाठोक केलेली कुणाला रुचत नाही. आम्ही रविवारी काम ठेवलेलंच नव्हतं.

पैसे ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये आणि रोख. तेव्हा बेटावर एटीएम नव्हतं. पहिली यंत्रं २०२५च्या एप्रिलमध्ये बसली. आजही मी पूर्ण मुक्कामाची आणि वर एका चुकलेल्या विमानाची रोकड सोबत ठेवायला सांगतो. वीज आहे, पण प्लग ऑस्ट्रेलियन पद्धतीचा, तिरक्या पात्यांचा.

खोली बघण्याआधी मी टाकी बघितली. तुवालूत नदी नाही, विहिरीच्या पाण्याला खारेपणा. पिण्याचं पाणी म्हणजे छपरावरून पन्हळीतून टाकीत उतरलेला पाऊस. २०११मध्ये पाऊस लांबला तेव्हा सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली होती. टाकी १०,००० लिटरची, प्लास्टिकची. वरून खाली बोटाच्या पेराने ठोकत यायचं. रिकाम्या भागाचा आवाज पोकळ येतो, पाणी लागलं की बद्द होतो आणि तिथे हाताला गारवाही लागतो. आवाज बदलला तो खालून एक तृतीयांशावर. म्हणजे ३,३०० लिटर. घरातली सहा, आमची चार. माणशी ४० लिटर धरले तर आठ दिवसांत टाकी कोरडी, आणि मुक्काम नऊ दिवसांचा. आमच्या चौघांना माणशी २५ लिटर ठरवून दिले. शॉवर नाही, बादली आणि तांब्या. एवढ्याने नऊ दिवस निभत होते.

पण वादळाला पाचच दिवस झालेले, टाकी भरलेली असायला हवी होती. घरामागे जाऊन बघितलं तर पन्हळीची कडी त्याच वादळात तुटलेली, पन्हळ हातभर खाली लोंबत होती. सगळं पाणी वाळूत गेलं होतं. पथकातल्या एकाने शिडी मागितली, बांधायची तार पिळून पन्हळ छपराला आवळली आणि नळकांड्याकडे किंचित उतार दिला. आत साचलेली पानं काढली, जाळी धुतली. अर्ध्या तासाचं काम.

जेवायला ट्यूना, भात आणि पुलाका होता. पुलाका म्हणजे अळूच्या कुळातला मोठा कंद, खड्ड्यांत लावतात आणि पुष्कळ वेळ शिजवतात. सोबत माडाची ताजी गोड नीरा. सुवाच्या बाजारातून मी तांदूळ आणि डाळ आणली होती ती आजींच्या हाती दिली. भाजी-फळं आणायची असतील तर विमानतळावर दाखवावी लागतात, सुकं धान्य सोपं पडतं.

या पथकाला पुढे बाहेरच्या एका बेटावर जायचं होतं. तिथे विमान नाही. जहाज दूर उभं राहतं आणि बहुतेक ठिकाणी प्रवाळाच्या कड्यावरून छोट्या होडीने उतरावं लागतं, त्यामुळे सामान झाकणबंद पिंपात हवं. मुक्कामासाठी काउपुलेला, म्हणजे बेटाच्या पंचायतीला, आधी कळवायचं. अतिथीगृहाची किल्ली त्यांच्याकडे असते. ते पत्र मी त्याच संध्याकाळी लिहून ठेवलं.

रात्री दोनच्या सुमारास पाऊस आला, सुमारे अर्धा तास. छप्पर अंदाजे ६० चौरस मीटरचं. एक मिलीमीटर पाऊस पडला की त्यातून ६० लिटर. २० मिलीमीटर धरले तर १,२००, गळती वजा जाता हजार. सकाळी उठून टाकीवर पेर ठोकलं. बद्द आवाज कालच्या खुणेच्या वीतभर वर सुरू होत होता. आजी दारात उभ्या राहून बघत होत्या. मी हाताने वीत दाखवली, तशा त्या आत गेल्या आणि अंघोळीची पाचवी बादली बाहेर आणून ठेवली.