सोया प्रथिनांचा गोळा आणि रिओमीटर

आमच्याकडे नवीन आलेल्या मुलामुलींना मी पहिल्याच दिवशी सांगते की आलेखावर लगेच विश्वास ठेवायचा नाही. आमचं यंत्र रिओमीटर, म्हणजे पदार्थ किती वाहतो आणि किती ताण सोसतो हे मोजणारं; त्यात सॅम्पल दोन प्लेटमध्ये दाबून एक प्लेट हलवतात. म्हणून आधी प्लेटची कड बघायची.

मी सोया आयसोलेटवर काम करते. तेल काढल्यावर उरलेल्या सोयाबीनमधून वेगळी केलेली ही पांढुरकी पूड, तिच्यात ९० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. मी लातूरकडची. सोयाबीनची पेंड कोंबड्यांच्या आणि गुरांच्या खाद्यात जाताना लहानपणापासून बघितली आहे. तेच प्रथिन माणसाच्या ताटात चांगल्या रूपात यावं, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी ते एक्स्ट्रुडरमधून, म्हणजे गोळा तापवून दाबाने साच्यातून बाहेर काढणाऱ्या यंत्रातून, जाताना किती वाहतं, किती ताण सोसतं आणि कुठे तुटतं, हे माहीत असावं लागतं.

पातळ द्रावणाचं काम सोपं असतं. प्रथिनाचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास गेलं की गोळा होतो, आणि तो गोळा आपल्याशी झालेली प्रत्येक वागणूक लक्षात ठेवतो. कणीक मळल्यावर जशी मुरू द्यावी लागते, तसंच हे. पूड पाण्यात कालवून पिशवीत हवाबंद करून आम्ही रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतो. घाई केली तर काही कण आतून कोरडेच राहतात आणि मग आपण गोळा नाही, कोरडे कण मोजत बसतो.

मग प्लेट. आमची २५ मिलिमीटर व्यासाची, खाचा असलेली. गुळगुळीत प्लेटवर गोळ्याच्या पृष्ठभागाशी पातळसा ओला थर तयार होतो, प्लेट त्यावरून घसरते आणि आतला गोळा जागचा हलतही नाही. शंका आली की गॅप, म्हणजे दोन प्लेटमधलं अंतर, बदलून तीच चाचणी पुन्हा करायची. उत्तर गॅपप्रमाणे बदललं तर घसरण आहे. वरची प्लेट हळूहळू खाली आणायची. गोळा दाबला की तो उलट प्लेटला ढकलतो आणि तो जोर पडद्यावर दिसतो. तो ओसरून स्थिर होईपर्यंत हात लावायचा नाही. नवख्यांना हे थांबणं सगळ्यात अवघड जातं. बाहेर आलेला भाग पात्याने कापायचा आणि कडेला सिलिकॉन तेलाचा थर द्यायचा, नाहीतर कड सुकते आणि गोळा आहे त्यापेक्षा कडक दिसतो.

यानंतर आम्ही गोळा आधी अगदी थोडा हलवून बघतो. त्याच्या प्रतिसादातल्या लवचीक भागाला आम्ही जी प्राइम म्हणतो, वाहत्या भागाला जी डबल प्राइम. हलवण्याचा वेग कमी केला की तोच पदार्थ जास्त वाहता वाटतो, वाढवला की घट्ट. मार्कुस रायनर यांनी १९६४ मध्ये डेबोरा नंबरची ओळख करून दिली, ती याच गोष्टीची: पदार्थ वाहतो की नाही, हे आपण त्याला किती वेळ देतो त्यावर ठरतं. म्हणून किती वेगाने मोजलं हे न लिहिता नुसता आकडा कुणी दिला, तर मी तो वापरत नाही.

खरा धोका प्लेट सलग फिरवताना असतो. वेग वाढला की गोळा कडेने फाटतो आणि तुकडे बाहेर येतात. मधलं सॅम्पल कमी होतं, टॉर्क, म्हणजे प्लेट फिरवायला लागणारा जोर, पडतो आणि पडद्यावर दिसतं की वेगाबरोबर व्हिस्कॉसिटी, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, छान उतरतेय. रेषा इतकी गुळगुळीत असते की मन मोहून जातं. आयसोलेटचा गोळा खरोखरच वेगाने पातळ होतो, त्यामुळे खरं काय आणि फाटण्यामुळे आलेलं काय, हे नुसत्या रेषेवरून कळत नाही. कड बघायची ती यासाठी.

आणखी एक अडचण तापमानाची. एक्स्ट्रुडरमध्ये गोळा १२० ते १४० अंशांना असतो. उघड्या प्लेटवर १०० च्या आधीच पाणी उडायला लागतं. त्यासाठी रबर उद्योगातून आलेलं बंद पोकळीचं यंत्र वापरतात. सॅम्पल खाचांच्या दोन शंकूंमध्ये दाबाखाली बंद असतं, पाणी बाहेर जात नाही आणि कडही फाटत नाही. माझ्या मते घट्ट प्रथिनांसाठी हे खूप आधी वापरायला हवं होतं.

सध्या मी त्या यंत्रावर सोयात गव्हाचं ग्लुटेन मिसळून बघतेय. ग्लुटेन तापलं की त्याच्यात डायसल्फाइड बंध (गंधकाच्या अणूंमधले जोड) जुळून जाळं घट्ट होतं. सोयाच्या गोळ्यात ते जाळं अखंड राहतं की तुकड्यातुकड्यांनी पसरतं, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. पुढच्या पोस्टमध्ये आलेख टाकेन आणि सोबत पाण्याचं प्रमाण, मुरवण्याचा वेळ आणि तापमानही लिहीन.